मुख्य विषयाच्या कुंपणापलीकडे : पदवी अभ्यासक्रमातील सर्वसाधारण शिक्षण

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी अर्ज भरताना माझ्यासारख्या अनेकांची एकच गडबड झाली असेल. 'कोणता विषय घेणार?' या प्रश्नाचे उत्तर घरून पाठ करून आणले होते : इतिहास. परंतु अर्जावर इतिहासाखाली आणखी सात-आठ रकाने रिकामे होते. खुला ऐच्छिक विषय, क्षमता संवर्धन, मूल्य शिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य, सह-अभ्यासक्रम. मागे रांग लागलेली. मी पुढच्या मुलीच्या अर्जात डोकावले. तिने तिच्या पुढच्या मुलीच्या अर्जात डोकावून भरलेले होते. अशा रीतीने आमच्या रांगेतील कित्येकींचे एक वर्षाचे शिक्षण ठरले.

घरी गेल्यावर वडिलांनी विचारले, "इतिहास घेतलास ना? मग हे वाणिज्याचे काय लिहिले आहे?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारी मीच पहिली असल्यामुळे विचारावे तरी कोणाला? पुढे दीड वर्षात वाचून, प्राध्यापकांना विचारून आणि काही अनुभवाने जे समजले ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. पुढच्या वर्षी त्याच रांगेत उभ्या राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग झाला तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

श्रेयांकांचा हिशेब

प्रथम हिशेब समजून घेऊ. आजच्या पद्धतीत पदवी ही वर्षांपेक्षा श्रेयांकांनी मोजली जाते. एका सत्रात पंधरा तास व्याख्यान झाले की एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर एका श्रेयांकाला तीस तास. म्हणजे दोन श्रेयांकांचा विषय तीस तासांचा व चार श्रेयांकांचा साठ तासांचा. आपल्या राज्याच्या आराखड्याप्रमाणे एका सत्रात २० ते २२ श्रेयांक, वर्षाला ४० ते ४४, आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. चौथे वर्ष करून ऑनर्सची पदवी घ्यायची असल्यास हा आकडा १६० ते १७६ पर्यंत जातो.

या श्रेयांकांची साधारणपणे तीन गटांत विभागणी करता येते. पहिला गट मुख्य व गौण विषयांचा. ज्याला आपण बोलताना मेजर आणि मायनर म्हणतो तो हा. दुसरा गट कौशल्यांचा, प्रत्यक्ष कामाचा व क्षेत्रीय प्रकल्पांचा. आणि तिसरा गट म्हणजे शाखा कोणतीही असली तरी प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावयाच्या विषयांचा. या तिसऱ्या गटालाच जगभर सर्वसाधारण शिक्षण असे म्हटले जाते, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात १२० पैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय विषयांना, ८ भाषांना, ९ कौशल्यांना आणि ६ ते ८ मूल्यवर्धक विषयांना दिलेले आहेत. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे आपला आराखडा आखला व पुढे त्यात सुधारणा केल्या. तो २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. त्यात खुल्या ऐच्छिक विषयांना १० ते १२, भाषांना ८ (त्यांपैकी ४ इंग्रजीला व ४ आधुनिक भारतीय भाषेला), मूल्य शिक्षणाला ४ आणि भारतीय ज्ञान प्रणालीला २ श्रेयांक आहेत. विद्यापीठागणिक तपशिलात थोडाफार फरक पडतो. परंतु एवढे चार घटक धरले तरी पदवीचा सुमारे एक पंचमांश भाग होतो. पाच तासांतील एक तास आपण मुख्य विषयाच्या बाहेर बसतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

खुल्या ऐच्छिक विषयाची एक अट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेतील असून चालत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने राज्यशास्त्र घेऊन सुटका करून घ्यावी, तर ती सोय नाही. त्याने विज्ञानाकडे किंवा वाणिज्याकडे जायचे, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्याकडे यायचे. वडिलांच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर हे होते. खरे उत्तर मात्र थोडे मागे जाऊन शोधावे लागते.

ही कल्पना आली कोठून?

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन महाविद्यालयांत लॅटिन, ग्रीक, गणित असा ठरावीक अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा असे. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या आपल्या दीर्घ कारकिर्दीत ही सक्ती जवळजवळ मोडून काढली. प्रौढ विद्यार्थ्याला काय शिकायचे ते त्यालाच ठरवू द्यावे, असा त्यांचा विचार होता. विचार उदार होता यात शंका नाही. परंतु या मोकळिकीत कोणी सोपेसोपे विषय वेचू लागले, तर कोणी एकाच विषयात शिरून बाकी सर्व जगाला मुकले. म्हणून एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि इतर विषयांत विस्तार असा दुहेरी नियम घातला. आज आपण मुख्य विषय आणि खुले विषय अशी जी विभागणी पाहतो, तिचे मूळ येथे सापडते.

दुसरा टप्पा न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचा. पहिल्या महायुद्धात सैनिकी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना 'हे युद्ध कशासाठी चालले आहे' हे समजावे म्हणून तेथे एक वर्ग चालवला गेला. युद्ध संपल्यावर प्राध्यापकांच्या मनात आले, की युद्धाचे प्रश्न समजावून द्यायचे तर शांततेचे का नको? त्यातून १९१९ साली समकालीन संस्कृती या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला व तो सर्वांना सक्तीचा करण्यात आला. तो आजतागायत चालू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हार्वर्डने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४५ मध्ये आला. मानव्यविद्या, समाजशास्त्रे व निसर्गविज्ञाने या तिन्हींची ओळख प्रत्येक पदवीधराला झाली पाहिजे, असे तिने सांगितले. दोन्ही वेळा पार्श्वभूमी महायुद्धाची होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपापल्या विषयात निष्णात असलेली माणसे असूनही जग असे का पेटले, हा प्रश्न त्या पिढीपुढे होता.

भारतात स्वातंत्र्य मिळताच हाच विचार झाला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९४९ मध्ये त्याचा अहवाल आला. आपले विद्यार्थी फार लवकर एकाच विषयात बंदिस्त होतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला समाज कळत नाही आणि कलेच्या विद्यार्थ्याला विज्ञान, म्हणून सर्वसाधारण शिक्षण अभ्यासक्रमाचा भाग असावे, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या काही ठिकाणी तसे प्रयोगही झाले. पण देशभर ते रुजले नाहीत. मुंबई विद्यापीठात फाउंडेशन कोर्स अनेक वर्षे होता. पर्यावरणाचा विषय सर्वांना सक्तीचा झाला तो तर न्यायालयामुळे. अॅडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले, आणि पुढे २००३ मध्ये अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सामाईक अभ्यासक्रम तयार केला. २९ जुलै २०२० रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विखुरलेल्या प्रयत्नांना एका चौकटीत बसवले. त्या धोरणात बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील चौसष्ट कलांचा उल्लेख आहे. अनेक विद्यांची ओळख असणे हीच आपली जुनी रीत, असे त्यातून सुचवायचे आहे.

मात्र येथे मला आणखी एक नाव घ्यावेसे वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. त्यात प्राथमिक शाळेतील मुलांना काय शिकवावे हे त्यांनी सांगितले आहे : मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. हे प्राथमिक शिक्षणाविषयी होते, पदवीविषयी नव्हे. तरीही यादी पाहिली तर भाषा, हिशेब, समाज, विज्ञान आणि मूल्ये हे सर्व तीत आहेत. ज्यांच्या घरी पूर्वी कोणी शिकले नाही त्यांच्या मुलांना जग कळण्यासाठी काय लागेल, हा विचार त्या यादीच्या मुळाशी आहे.

सक्ती कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विषय आवडीने घेतला पाहिजे. मग सक्ती का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले तेही अर्थशास्त्रातच. पण तेथे असताना त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा कितीतरी विषयांचे वर्ग केले. आणि जातिसंस्थेवरचा 'कास्ट्स इन इंडिया' हा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. आपल्या विषयाच्या कुंपणात ते बसून राहिले असते तर तो निबंध त्या वर्गात वाचला गेला नसता.

यावर कोणी म्हणेल, की बाबासाहेबांवर कोणी सक्ती केली नव्हती. खरे आहे. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते, आणि त्यांची ज्ञानाची भूक असामान्य होती. आपण सामान्य विद्यार्थी. भूक आपल्यालाही असते. पण ताटात काय काय असू शकते हेच ठाऊक नसते. एलियट यांच्या उदार विचारातील उणीव मला येथे दिसते. मोकळी निवड करण्यासाठी निवडण्याजोगे काय आहे हे आधी माहीत असावे लागते. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, जेवताना बातम्यांवर बोलणे होते, काका बँकेत आणि मावशी प्रयोगशाळेत आहे, त्या मुलाला महाविद्यालयात येण्यापूर्वीच बरेचसे सर्वसाधारण शिक्षण घरात मिळालेले असते. त्याला हे विषय म्हणजे पुनरुक्ती वाटली तर नवल नाही. आमच्या घरात शेतीचे, जनावरांचे, पावसापाण्याचे ज्ञान आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. परंतु कायद्याचा कागद, बँकेचा नियम, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर किंवा निवडणुकीतील आकडेवारी यांविषयी विचारायचे तर शेजाऱ्याकडे जावे लागते, आणि बहुतेक वेळा शेजारीही आमच्यासारखाच असतो. तेव्हा ही अट आमच्यासाठी जाच कमी आणि वारशात न मिळालेली वस्तू मिळवण्याचा मार्ग अधिक आहे.

एक घरातील गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी रांगेत दुसरीचे पाहून मी जो खुला विषय भरला होता, तो वैयक्तिक अर्थनियोजनाचा निघाला. कंटाळतच वर्गात बसले. एका तासाला सरांनी व्याजाचे दोन प्रकार फळ्यावर मांडले. एका प्रकारात मूळ रकमेवर अखेरपर्यंत व्याज धरतात. दुसऱ्या प्रकारात दर महिन्याला जेवढे कर्ज शिल्लक राहते तेवढ्यावरच धरतात. पहिल्याला फ्लॅट म्हणतात, दुसऱ्याला घटत्या शिलकेवरचे व्याज.

मला एकदम वडिलांच्या मोटरसायकलची आठवण झाली. जुनी गाडी घेण्यासाठी त्यांनी साठ हजारांचे कर्ज घेतले होते. व्याज बारा टक्के, मुदत दोन वर्षे, महिन्याचा हप्ता ३,१०० रुपये. संध्याकाळी घरी कागद काढून मी हिशेब केला. चोवीस हप्त्यांचे ७४,४०० रुपये होतात. म्हणजे व्याज १४,४०० रुपये. तेच बारा टक्के घटत्या शिलकेवर धरले असते, तर व्याज सुमारे ७,८०० रुपयेच झाले असते. म्हणजे बोलण्यातले बारा टक्के घटत्या शिलकेच्या हिशेबाने प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडत होते. कागदावर एका कोपऱ्यात 'फ्लॅट' हा शब्द स्पष्ट छापलेला होता. कोणी काही लपवले नव्हते. त्या शब्दाचा अर्थ आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता, एवढेच.

त्या कर्जाचे निम्म्याहून अधिक हप्ते तोवर फिटले होते. त्यात काही करण्यासारखे उरले नव्हते. वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले व मग म्हणाले, "हे तुझ्या इतिहासात शिकवतात?" मी म्हणाले, "नाही, त्या वाणिज्याच्या तासाला." यंदा आमच्या आत्याला शिलाईयंत्रासाठी कर्ज घ्यायचे होते, तेव्हा वडिलांनीच तिला सांगितले, की व्याज घटत्या शिलकेवर आहे का ते आधी विचार. ते दोन श्रेयांक माझ्या गुणपत्रिकेवर आहेत. पण त्यांचा उपयोग दोन घरांत झाला.

या अटीची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. नव्या पद्धतीत पहिल्या वर्षी मुख्य विषयाचा वाटा कमी व सर्वसाधारण विषयांचा वाटा मोठा असतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गात असलेल्या काही मैत्रिणी आज दुसऱ्या वर्षात नाहीत. कोणाचे लग्न झाले, कोणी कामाला लागली. त्यांनी इतिहासाचे जे थोडे शिकले ते अपुरेच राहिले. त्यांच्यापाशी महाविद्यालयाची शिदोरी म्हणून जे आहे ते मुख्यतः पहिल्या वर्षाचे हे सर्वसाधारण विषयच. ते जर आपण सर्वांनी मिळून वाया घालवले असतील, तर त्या मैत्रिणी रिकाम्या हाताने गेल्या असे म्हणावे लागेल. अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे श्रेयांक व चार श्रेयांकांचे व्यवसायविषयक काम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ही माहिती जाणाऱ्या मैत्रिणीला आवर्जून सांगितली पाहिजे. बाहेर पडण्याची सोय सर्वांना चटकन कळते; परतीच्या वाटेची माहिती मात्र कोणी देत नाही.

आक्षेप आणि अडचणी

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की मुख्य विषय पातळ होतो. विषयांची संख्या वाढली, प्रत्येकाचे तास घटले, परीक्षा मात्र वाढल्या. एका सत्रात आठ-नऊ विषयांच्या मागे धावताना कशातच मन रमत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार रास्त आहे.

दुसरा आक्षेप तीस तासांचा. भारतीय ज्ञान प्रणाली या विषयात आर्यभटापासून आयुर्वेदापर्यंत आणि स्थापत्यापासून व्याकरणापर्यंत सर्व काही दोन श्रेयांकांत बसवायचे म्हटले, तर हाती नावांची यादी तेवढी उरते. त्यापेक्षा एकच विषय, उदाहरणार्थ आपल्याच तालुक्यातील एखादी जुनी बारव किंवा बंधारा, तीस तास नीट अभ्यासला तर अधिक पदरात पडेल.

तिसरा आक्षेप निवडीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कागदावर यादी लांबलचक असते. प्रत्यक्षात ज्या विषयाला प्राध्यापक आहेत आणि वेळापत्रकात जागा आहे तोच घ्यावा लागतो. ज्या गावातील महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे तेथे विज्ञानाचा विषय शिकवणार कोण? मग ज्याने तो विषय स्वतः कधी शिकला नाही अशा प्राध्यापकावर तो सोपवला जातो. त्यांचाही नाइलाज असतो. स्वयम् या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येतील, अशी तरतूद अनुदान आयोगाने २०२१ मध्ये केली आहे. परंतु तेथील बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, आणि एका फोनवर तीन भावंडांचा अभ्यास चालणाऱ्या घरात ती सोय पुरी पडत नाही.

चौथी गोष्ट आपल्याच वागण्याची. 'तो काय, ओ. ई. आहे' असे म्हणून आपण तास बुडवतो, परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडतो आणि उत्तीर्ण होतो. आम्हां विद्यार्थ्यांनी तास बुडवायचे, प्राध्यापकांनी उरकायचे आणि मग सर्वांनी मिळून विषय निरुपयोगी आहे म्हणायचे, हे न्यायाचे नव्हे.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६९ साली सर्वसाधारण विषयांची अट काढून टाकली व विद्यार्थ्यांना निवडीची मोकळीक दिली. मग आपणही तसे का करू नये? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे, की जेथे अट नाही तेथे वाट दाखवणारा माणूस हवा. विद्यार्थ्याजवळ बसून 'तुला काय येते, काय येत नाही, काय करायचे आहे' असे विचारणारा कोणी असेल तर सक्तीची गरज कमी होते. आपल्याकडे अट आली. वाट दाखवणारा अजून यायचा आहे.

निवड करताना

तोवर स्वतःपुरती काही पथ्ये पाळता येतील. अनुभवावरून सुचलेली ही काही सूत्रे येथे देते.

१. अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची प्रत मिळवून वाचावी. विषयाच्या नावावरून त्यात काय आहे याचा नेमका अंदाज येत नाही.

२. मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा गुण सोपे मिळतात म्हणून विषय घेऊ नये. आपल्या घरात कोणत्या गोष्टीसाठी दुसऱ्याकडे जावे लागते याचा विचार करावा आणि त्या दिशेचा विषय निवडावा. कोणाला कायदा हवा असेल, कोणाला आरोग्य, कोणाला आकडेवारी.

३. बारावीला जे शिकलो तेच पुन्हा घेऊ नये. ज्या शाखेची भीती वाटते तिच्याकडे एकदा तरी जावे. तीस तासांत कोणी नापास होण्याइतके अवघड शिकवत नाही. भीती मात्र जाते.

४. भाषेचे आठ श्रेयांक हलक्याने घेऊ नयेत. मराठीत एक अर्ज नेटका लिहिता येणे आणि इंग्रजीतील एक परिपत्रक नीट वाचता येणे, या दोन गोष्टी आल्या तरी पुढे पुष्कळ फेरे वाचतात.

५. प्रत्येक सत्रानंतर आपले श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झाले की नाही ते स्वतः तपासावे. नोंद राहून गेली तर त्रास आपल्यालाच होतो.

प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती. प्रवेशाच्या आठवड्यात खिडकीच्या शेजारी एक टेबल मांडावे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे दोन-तीन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक तेथे बसावेत, आणि नव्या विद्यार्थ्याला प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगावा. याला शासन निर्णय लागत नाही की अनुदान लागत नाही. पालक सोबत आले असतील तर त्यांनाही बसवून घ्यावे. कारण घरी गेल्यावर प्रश्न तेच विचारणार आहेत.

समारोप

मुख्य विषय आपल्याला एका क्षेत्रात खोल नेतो. उद्या मी शिक्षिका झाले किंवा स्पर्धा परीक्षा दिली तर इतिहासच माझ्या उपयोगी पडेल. पण माणूस दिवसाचे सर्व तास इतिहासकार नसतो. तो मत देतो, कर्ज काढतो, औषध घेतो, विहिरीचे पाणी पितो, कागदावर सही करतो. त्या सर्व वेळी उपयोगी पडावे म्हणून पदवीच्या पाच भागांतील एक भाग राखून ठेवलेला आहे. ज्यांना तो घरून मिळाला त्यांनी तो हसत बाजूला सारावा. आपल्यापैकी ज्यांना मिळालेला नाही, त्यांनी तो मागून घ्यावा, चांगला शिकवण्याचा आग्रह धरावा आणि तासाला हजर राहावे.

येत्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ बारावी होऊन याच खिडकीपाशी उभा राहील. त्याला गणिताची आवड आहे आणि तो विज्ञान शाखेत जाणार आहे. खुल्या विषयाच्या रकान्यात काय भरायचे यावर आमच्या घरात सध्या रोज संध्याकाळी चर्चा चालते. वडीलही तीत भाग घेतात. परवा त्यांनी विचारले, "कायद्याचा काही विषय आहे का रे त्यात? सातबारावरच्या नोंदी कशा वाचायच्या ते तरी कळेल."